रात्री बारानंतरची गाणी आणि आमची कट्टा गँग

शो ऐकणारी माणसं भेटली की हमखास म्हणतात, काय भारी चॉईस आहे गं तुझा. मी थँक्यू म्हणून विषय बदलते, कारण खरं उत्तर द्यायला बसलं तर चहा गार होतो. मुंबईतल्या एका खाजगी एफएम स्टेशनवर (नाव लिहीत नाही, अजून तिथेच भाकरी आहे) शनिवारी रात्री बारा ते दोन माझा शो असतो, आणि त्यात जे वाजतं त्यातलं माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं फार थोडं. बाकी सगळी दोस्तमंडळींची कृपा आणि कटकट. मुख्यतः कटकट.

आधी दिवसा काय चालतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं आरजे मनाला येईल ते गाणं लावतो. तसलं काही नसतं. म्युझिक मॅनेजर नावाचा माणूस असतो, त्याच्याकडे सॉफ्टवेअर असतं, त्यात गाण्यांचे कप्पे पाडलेले असतात, एकदम नवीन, थोडी जुनी, नव्वदीतली वगैरे, आणि नियम भरलेले असतात की एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, दोन संथ गाणी शेजारी नकोत, काल सकाळी आठला वाजलेलं आज परत आठला नको. लिस्ट सॉफ्टवेअर काढतं, मॅनेजर तिच्यावर हात फिरवतो आणि आरजेच्या स्क्रीनवर ती आयती येते. आपण मधे मधे बोलायचं, त्याला लिंक म्हणतात. कुठलं गाणं जास्त फिरवायचं हे ठरवायला लोकांना फोन करून गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवतात आणि विचारतात, आवडलं का, कंटाळा आला का. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, धंदा आहे, पण त्यात आरजेच्या आवडीला फार जागा नसते.

रात्री बारानंतर जाहिराती नावाला असतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्या वेळी स्टुडिओत माणूसच नसतो, कॉम्प्युटर एकटा गाणी लावत बसतो. मला स्लॉट मिळाला तेव्हा प्रोग्रॅमिंग हेड एवढंच म्हणाला, काय लावायचं ते लाव, फक्त डेड एअर, म्हणजे हवेत नुसती शांतता, नको आणि लीगलवाल्यांची बोंब माझ्यापर्यंत नको. ऐकायला स्वर्ग. प्रत्यक्षात दोन तास म्हणजे बोलणं, जिंगल, चार जाहिराती धरून वीसेक गाणी, दर आठवड्याला, आणि दिवसा वाजतात ती नकोत. थोड्याच दिवसांत माझी स्वतःची आवड संपली. खरंच संपली हो, आपल्याला वाटतं आपण किती ऐकतो पण आपण तीच ती गाणी फिरवून फिरवून ऐकत असतो आणि त्यालाच आवड म्हणतो.

मग दादरला आमच्या जुन्या बिल्डिंगखालच्या कट्ट्यावरची जी गँग आहे तिच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं, गाणी सुचवा रे. झालं, गाण्यांच्या लिंकांचा ढीग पडला. आणि सगळा एकाच छापाचा, आम्ही शाळा-कॉलेजात होतो त्या दहा वर्षांतला. मित्रांकडून गाणी घेण्यातली पहिली अडचण हीच, मित्र आपल्याच वयाचे असतात. दुसरी म्हणजे रेडिओवर लागणार म्हटलं की माणूस खोटं बोलायला लागतो, एरवी गाडीत धांगडधिंगा लावणारा एकदम गझल पाठवतो.

म्हणून लिंका बंद केल्या. सांगितलं की गाण्याचं नाव नंतर, आधी व्हॉइस नोट पाठवा, रात्री जागं असताना काय ऐकलंत, कुठे बसून, कशावर, आणि कुठे बंद केलंत. बंद कुठे केलंत हे सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला सगळ्यांनी टिंगल केली, हिने आता सीआयडी जॉईन केलं वगैरे, पण मग नोटा यायला लागल्या आणि शो बदलला तो त्या नोटांमुळे.

आमच्यातली एक परळच्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलात नर्स आहे, तिला सगळे सिस्टरच म्हणतो. नाईट असली की ती एका जुन्या बटणांच्या फोनवर शो ऐकते. फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायर हीच अँटेना असते, त्यामुळे ज्या नव्या फोनला इअरफोनचं भोकच नाही त्यावर एफएम लागत नाही, म्हणून तो डबडा फोन तिने जपून ठेवलाय. डाव्या कानात एक बोंडूक, आवाज एकदम कमी, उजवा कान वॉर्डला. तर तिची एक नोट आली, चिडलेली. म्हणे अगं बाई तू ते कुठलं गाणं लावलंस, त्याच्या सुरुवातीला टिंग, टिंग, टिंग असं वाजतं, मला वाटलं मॉनिटर वाजला, मी अर्धा वॉर्ड पळत गेले आणि पेशंट आपला गाढ झोपलेला. मी ते गाणं परत ऐकलं. सिंथवर तीन टिपक्या, मग थोडी जागा, मग परत तीन. चांगल्या हेडफोनवर गोड वाटत होतं. मग तिच्यासारखं ऐकलं, एक कान, आवाज खाली, आणि खरंच, गाणं गायब होतं आणि फक्त टिंग टिंग उरतं.

तेव्हापासून प्रत्येक गाण्याची सुरुवात मी तशी ऐकते. फोनची रिंग, सायरन, दारावरची थाप, बाळाचं रडणं, हे असलं नव्या गाण्यांच्या सुरुवातीला किती सर्रास घालतात ते एकदा लक्षात आलं की सुटका नाही. अशी गाणी मी सरळ बाजूला काढते, दिवसा वाजू देत. हा नियम मला कुठल्याही रेडिओच्या कोर्समधे कोणी शिकवला नसता.

दुसरा म्हणजे ब्लॉक. हा रेल्वेत ओव्हरहेड वायरच्या मेंटेनन्सला आहे म्हणून नाव ब्लॉक. शेवटची लोकल गेली की पहाटे चारच्या आसपास पहिली सुटेपर्यंत जी फट मिळते, तिलाच ब्लॉक म्हणतात, त्यात त्यांचं काम. लाईन २५,००० व्होल्टची, ती बंद केल्याचं लेखी हातात आल्याशिवाय कोणी वर चढत नाही, आणि ते यायला कधी पाच मिनिटं लागतात कधी पाऊण तास. तेवढ्या वेळातच तो ऐकतो, रुळात उतरायचं झालं की इअरफोन खिशात, त्या बाबतीत भयंकर कडक. त्याची तक्रार अशी की तू आम्हाला झोपवतेस. बसून बसून डोळे जड झालेले असतात, त्यात तुझं ते हळूबाई गाणं, आणि मग पंधरा मिनिटांनी शिडीवर चढायचं असतं आम्हाला.

आता आमच्या धंद्यात रात्र म्हणजे मऊ मऊ गाणी हे धरूनच चालतात. प्रेम, विरह, पाऊस, खिडकी. पण रात्री साडेबाराला जागा असलेला माणूस बहुतेक वेळा ड्युटीवर असतो, प्रेमात वगैरे नसतो. वॉचमन, नर्स, टॅक्सीवाले, रेल्वेवाले, हॉटेल बंद करून भांडी घासणारी पोरं. म्हणून साडेबारा ते सव्वा हा भाग मी उलटा केला, ढोलकी, कोळीगीतं, कव्वाली, आणि लावणी, तीही बैठकीची नव्हे, फडाची. प्रोग्रॅमिंग हेडने भुवया वर केल्या, ही काय हळद आहे का म्हणाला. मी ब्लॉकची व्हॉइस नोटच त्याला ऐकवली. नंतर काही बोलला नाही, म्हणजे पटलं असं मी धरलं.

हळदीवरून बेंजो आठवला. हा लालबागचा, बेंजो पार्टीत वाजवतो, गणपती आणि लग्नाचा सीझन सोडून बाकी वेळ एका कुरिअर कंपनीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपला बेंजो म्हणजे तो परदेशी गिटारसारखा दिसणारा नव्हे, बुलबुलतरंग, तारा आणि त्यावर टाईपरायटरसारखी बटणं, मूळ जपानी वाद्य, आपल्याकडे त्याला करंट लावून लाउडस्पीकरला जोडलं आणि गल्ल्या दणाणून सोडल्या. बेंजोचं म्हणणं, रेडिओवर सगळं वाजतं पण जे ऐकून अर्धी मुंबई नाचते तेच वाजत नाही. बरोबर आहे. पण त्याने पाठवलेली रेकॉर्डिंगं मोबाईलवर काढलेली, नुसता फाटलेला आवाज आणि शिट्ट्या. शिवाय ते वाजवतात सिनेमातली गाणी, म्हणजे चालीचे हक्क दुसऱ्याचे. शेवटी त्यांच्या प्रॅक्टिसच्या खोलीत रेकॉर्डर घेऊन गेले, खोली एवढीशी, बेंजो, कॅसिओ, पॅड आणि ढोलकी एकत्र सुरू झाले की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. सांगितलं पारंपरिक चाली वाजवा, कोणाच्या मालकीच्या नाहीत अशा. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, लीगलला एनओसी दिली. सहा मिनिटांचा तो तुकडा वाजला त्या रात्री स्टेशनच्या नंबरवर जेवढे मेसेज आले तेवढे आधी कधी आले नव्हते, आणि त्यातले निम्मे बेंजोच्याच पार्टीतल्यांचे आणि त्यांच्या नातेवाईकांचे होते हेही सांगायला पाहिजे.

शेट हा प्रकार वेगळा. दुकान हार्डवेअरचं पण जीव रेकॉर्डींमधे, सगळा नफा चोर बाजारात मटन स्ट्रीटवर घालवतो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डींचं दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा घरात सुतक असल्यासारखा वावरत होता. त्याच्यामुळे शोमधे जुनी नाट्यगीतं आली. ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत लांबत जाणारं पद गायकाने त्या तीन मिनिटांत बसवलेलं असतं, तान कुठे घ्यायची, कुठे सोडायची, सगळा हिशोब करून, आणि ऐकताना हिशोब कुठे दिसत नाही. रेडिओला याच्याइतकं सोयीचं काही नाही खरं तर.

फक्त ते हवेत जाईपर्यंत जे काय होतं ते विचारू नका. ७८ला सुई वेगळी लागते, एलपीची, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, बारीक सुई लावली तर ती खोबणीच्या तळाला जाऊन नुसती खरखर उचलते. शेटकडे बरोबर सुई आहे, त्यामुळे तिथूनच लॅपटॉपवर घेतलं. पण पहिलं गाणं ऑनएअर गेलं आणि गायकापेक्षा खरखर मोठी. स्टेशनच्या इंजिनियरने समजावलं. ट्रान्समीटरकडे आवाज जाण्याआधी एक प्रोसेसर असतो, त्याचं कामच आवाज एका पातळीला ठेवायचं. गायक श्वासाला थांबला की त्या मशीनला वाटतं आवाज पडला, ते वर खेचतं, आणि गायक तर गप्प आहे, मग वर काय येणार, खरखर. सॉफ्टवेअरने सरसकट साफ केलं तर आवाजातलं पाणी जातं. म्हणून फक्त श्वासाच्या त्या मोकळ्या जागा शोधायच्या आणि एकेक हाताने खाली आणायची. तीन मिनिटांच्या गाण्याला अख्खी दुपार. मागे शेट बसलेला, ए तू 'स' खाल्लास, परत घे. त्याला बाहेर चहाला पाठवायचं तंत्र मला आता जमलंय.

हक्कांचंही सांगून टाकते कारण बरेच जण विचारतात. आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे १९५० च्या आसपासची तबकडी रेकॉर्डिंग म्हणून मोकळी झालेली. पण कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तो वेगळा मोजायचा. म्हणजे तबकडी मोकळी आणि शब्द अडकलेले असं होतं. शेटला हे अजून मान्य नाही, त्याचं म्हणणं मी पैसे देऊन घेतलीय ना रेकॉर्ड.

पंडितबद्दल थोडक्यात. तो शिवाजी पार्कला गाणं शिकतो, वीस वर्षं शिकतोच आहे, आणि रात्री एक वाजता सकाळचा राग वाजला की त्याचा मेसेज आलाच. सुरुवातीला मला हे सोवळं वाटायचं, मग त्याच्या सांगण्यावरून दीडनंतर मालकंस, दरबारी, बागेश्री असं ठेवायला लागले आणि खरंच बसतं ते त्या वेळेला, का ते मला विचारू नका. शेवटी भैरवी हाही त्याचाच हट्ट, मैफल भैरवीनेच संपते म्हणून. ठीक आहे, पण भैरवी संपली की दोनच्या ठोक्याला बिल्डरची जाहिरात, कर्जतला टू बीएचके, ढॅणढॅण. पंडित म्हणाला मी रेडिओ फेकणार होतो. मग जाहिराती कुठल्या जागी बसवायच्या हे बघणाऱ्या पोरीला मी सलग काही दिवस वडापाव खिलवले, आता तिथे नुसती स्टेशनची साधी जिंगल असते.

या सगळ्यात मानापमान चालूच असतात. माझं गाणं गेल्या वेळी कापलंस, शेटची दोन कशी लागली, आमचं नाव तरी घे हवेत. नाव मी घेत नाही. बाबा म्हणतात घे की, आमच्या वेळी आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला अख्ख्या चाळीच्या नावाने कार्ड टाकायचो आणि गाण्याची नाही, नावाची वाट बघायचो. विविध भारती १९५७ साली सुरू झाली त्यानंतर झुमरी तलैयासारखं लांबचं गाव देशाला माहीत झालं ते तरी कशाने, तिथल्या मित्रमंडळींनी ढिगाने फर्माईशी पाठवल्या म्हणूनच. म्हणजे दोस्तांनी रेडिओ ढकलायचा हे आधीपासूनचंच. फक्त तेव्हा ते पोस्टकार्डावर दिसायचं. मला वाटतं नाव घेतलं की ते गाणं त्या एकाचं होतं, बाकीचे उपरे होतात, म्हणून मी फक्त म्हणते की हे परळहून, हे लालबागहून. ज्याला कळायचं त्याला कळतं आणि ग्रुपवर बोंब होतेच.

लोक म्हणतात ऍप आहेत ना आता, ती सुचवतात. सुचवतात. पण ऍप मला माझ्यासारखंच अजून थोडं वाढतं. मित्र जे पाठवतात त्यातलं बरंचसं मला पहिल्यांदा ऐकवत नाही, आणि शोमधे लोकांना लक्षात राहिलेलं पण तेच आहे.

सध्या ग्रुपवर पेटलंय ते वेगळंच. यंदा ६ डिसेंबर, बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, रविवारी येतोय, म्हणजे शनिवारी रात्री बाराला आमचा शो सुरू होतो तेव्हाच तारीख बदलते. १९५६ पासून ७० वर्षं. दादरला तेव्हा रात्रभर माणसं, शिवाजी पार्कात पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल, चैत्यभूमीची रांग, आणि त्याच शहरातल्या एफएमवर नेहमीचीच यादी. हे मला नायगावच्या चाळीत वाढलेल्या ब्लॉकने ऐकवलं, चांगलं खरमरीत. बाबासाहेबांची गाणी गाणारे वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजावर आमची घरं जागायची, तुझ्या शोमधे दोन वर्षांत एकदा तरी वाजले का. उत्तर द्यायला तोंड नव्हतं. ती बरीचशी गाणी स्टेशनच्या लायब्ररीत नाहीतच, कॅसेटवर आहेत, छोट्या छोट्या कंपन्यांच्या, ज्या कधी बंद झाल्या, कधी दुसऱ्याने घेतल्या. ब्लॉकच्या आईने ट्रंकेतून पिशवीभर कॅसेटी काढून दिल्यात, काहींच्या कव्हरवर पेनाने लिहिलंय, परत देणे.

शेटने कॅसेट डेक दिलाय, अजिबात कुरकुर न करता, हे नोंदवून ठेवते. दोन कॅसेटींची टेप आत चिकटलेली होती, ती त्याने स्क्रू खोलून दुसऱ्या कवचात घातली. पंडित कुठल्या गाण्यानंतर कुठलं जातं ते सूर जुळवून बघतोय. सिस्टरची त्या रात्री ड्युटी आहे, तिने आधीच बजावलंय की एकदम ढोलकी फोडून सुरू करू नकोस, आधी नुसता आवाज येऊ दे. ब्लॉक म्हणतो उलट, पहिली थापच पाहिजे, नाहीतर ती गाणी नाहीत. मी अजून ठरवलेलं नाही. आणि एका कॅसेटच्या मालकाचा पत्ता लॅमिंग्टन रोडचा, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे, पण दुकानदाराने मूळ माणसाच्या मुलाचा नंबर दिला, त्याला मेल गेलाय, परवानगीचं पत्र यायचंय. लीगलवाला रोज विचारतो. पत्र आलं तर पहिला अर्धा तास पूर्ण कॅसेटींचा, नाही आलं तर लायब्ररीत आहेत तेवढी लावू आणि उरलेल्या वेळेला ब्लॉकच्या चाळीतलं गायन पार्टीचं मंडळ थेट स्टुडिओत, त्यांना तारीख सांगून ठेवलीय, फक्त बाराजण एका लिफ्टमधे कसे आणायचे ते बघायचंय.